लास व्हेगासमधले रोम कितपत खरे?

प्रश्न : येत्या दिवाळीत मुलगा आम्हा उभयतांना लास व्हेगासचा ‘सीझर्स पॅलेस’ दाखवणार आहे. तिथला बाजार आणि कॅसिनो पाहून प्राचीन रोमची कल्पना येते का? पंधरा वर्षांच्या नातवाला आत सोडतील का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वास्तू अवश्य पाहावी, मात्र तिथे दिसणारे सारेच प्राचीन रोमचे नाही, हे आधी ठाऊक असल्यास पाहण्याचा आनंद वाढेल. १९६६ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलला १९९२ मध्ये ‘फोरम शॉप्स’ हा बाजार जोडला गेला. त्याच्या छतावर आकाश रंगवलेले असून दिव्यांची योजना अशी आहे, की चालता चालता पहाटेची संध्याकाळ होते. ही कारागिरी मला मनापासून आवडते, म्हणून तिथे थोडे थांबावे. परंतु आवारातील कारंजे ज्या ट्रेव्ही कारंज्यावरून घेतले आहे, ते रोममध्ये १७६२ साली पूर्ण झाले. तिथे ज्याची प्रतिकृती आहे, तो बायबलमधल्या डेव्हिडचा मूळ पुतळा मायकेलअँजेलोने १५०४ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये घडवला. आणि तिथली पंख पसरलेली विजयदेवता तर ग्रीकांची आहे. शिवाय रोमन पुतळे असे पांढरेशुभ्र नसत, त्यांना रंग दिलेला असे.

खऱ्या रोमन बाजाराचा अंदाज घ्यायचा असेल, तर रोममधील ‘ट्राजनचा बाजार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीची छायाचित्रे पाहावीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीची ही विटा-काँक्रीटची, टेकडीच्या उतारावर मजल्यांवर मजले चढवलेली वास्तू आजही उभी आहे. जुगाराचे म्हणाल, तर रोमन कायद्याने तो एरवी निषिद्ध होता आणि डिसेंबरातील सॅटर्नेलिया सणात त्याला मोकळीक असे; तरीही खुद्द सम्राट ऑगस्टस फाशांचा शौकीन असल्याचे रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवले आहे.

नेवाडा राज्यात जुगाराला २१ वर्षे पूर्ण लागतात. नातवाला दुकानांत मुक्त वावर आहे; कॅसिनोतून मात्र मोठ्यांसोबत न थांबता पुढे जावे.

निघण्यापूर्वी त्याला कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जरूर न्यावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, सागरी व्यापारातून इकडे आलेली पॉसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती तिथे आहे, आणि ती रोमन काळातलीच आहे.