घर आणि आपण : लुनुगंगा बघून आले, आता हॉलचं काय करू?

प्रश्न : नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, वय ५८, बँकेतून व्हीआरएस घेतली आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे हे अचानक गेले आणि त्यानंतर मी कुठे बाहेरच पडत नव्हते. शेवटी मुलीने हट्टाने श्रीलंकेला नेलं. बेंटोटाजवळ लुनुगंगा नावाची बाग आणि घर बघितलं आणि कोलंबोत त्याच आर्किटेक्टचं म्हणजे जेफ्री बावांचं राहतं घर. लुनुगंगाला मी नुसती बसून राहिले, डोक्यात काही नाही, असं किती दिवसांनी झालं. आणि परत येऊन दार उघडलं तर स्वतःचाच हॉल अंगावर आला. मोठी शोकेस, सोफा, यांची आरामखुर्ची, सगळं जिथल्या तिथे. फोटो पाठवतेय. मुलीने डिझायनर बघितलाय, तो 'ट्रॉपिकल थीम' करून देतो म्हणतो, साडेचार लाखात. मला पटत नाहीये पण काहीतरी बदलायला हवं हे नक्की. यांनी मांडलेलं घर मी हलवलं तर चुकेल का? आणि या वयात लोकांना हे थेर वाटतील का?

उत्तर : ताई, आधी शेवटचं. थेर अजिबात नाहीत. ज्या माणसाचं घर बघून तुम्ही आलात ना, त्याचं आयुष्यच बघा. बावा मुळात वकील. केंब्रिजला शिकलेले, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले. १९४६ मध्ये त्यांची आई गेली, वडील तर लहानपणीच गेले होते, आणि त्यांनी वकिली सोडली आणि जवळजवळ दोन वर्षं जगभर फिरत राहिले. इटलीत गार्डा सरोवराच्या काठी घर घेऊन तिथेच राहायचं असं जवळपास ठरलं होतं, ते फिसकटलं, मग परत येऊन १९४८ मध्ये डेड्डुवा तलावाकाठची रबराची जुनी इस्टेट घेतली, इटलीत पाहिल्या तशी बाग इथे करायची म्हणून. तीच लुनुगंगा. बाग करता करता लक्षात आलं की हौस पुरेशी नाही, याचं शिक्षण हवं, म्हणून पुन्हा लंडनला गेले आणि १९५७ मध्ये आर्किटेक्ट झाले तेव्हा वय ३८. श्रीलंकेची संसद पुढे याच माणसाने बांधली. घरातलं माणूस गेल्यावर प्रवास आणि प्रवासानंतर घराकडे नव्याने बघणं, हे तुमच्या आधी फार मोठ्या माणसाने केलंय.

आता थीमबद्दल. नको. माझं स्पष्ट मत आहे आणि ते लुनुगंगा बघूनच झालंय. बावा इटलीहून काय घेऊन आले ते नीट बघा. बागेत पुतळे आहेत, पण बागेचा जीव त्यांच्यात नाही. इटलीतल्या बागांमध्ये तुम्हाला एका जागी उभं करतात आणि तिथून तुमची नजर बरोबर एका ठिकाणी नेऊन सोडतात, ती रीत त्यांनी आणली. घराच्या दक्षिणेला टेकडी आहे, तिच्यामागे तलाव आणि पलीकडे लांब कटकुलियाचा पांढरा स्तूप. घरातून तो दिसावा म्हणून त्यांनी टेकडीचा माथा उतरवला, झाडं काढली, मध्ये झाडाखाली एक मोठं मातीचं भांडं ठेवलं म्हणजे नजर तिथे टेकून मग पुढे जाते. मधून गावातला रस्ता जातो तो खोलगट भागातून जातो त्यामुळे घरातून दिसतच नाही. म्हणजे काम काय केलं, तर बरंचसं काढून टाकलं. तुम्हाला तिथे बसून जे शांत वाटलं त्याचं मोठं कारण हे आहे असं मला वाटतं, डोळ्याला अडवणारं काही नव्हतं. आणि तुमचा डिझायनर करणार काय, तर केळीच्या पानांचा वॉलपेपर, वेताचा झोपाळा, फॉल्स सीलिंग. सगळी भरच. आधीच भरलेल्या हॉलमध्ये.

तुमच्या फोटोत मला एक गोष्ट लगेच दिसली. दारातून आत आल्यावर समोर बाल्कनी आहे आणि तिच्या अर्ध्या भागावर शोकेस आहे. ती पहिली हलवा. रिकामी करून बेडरूमच्या आतल्या भिंतीला लावा किंवा देऊन टाका, पण तिथून काढा. त्यातल्या यांच्या ट्रॉफ्या, फोटो यातलं तुम्हाला खरंच जवळचं आहे तेवढं एका फळीवर मावेल, बाकीचं पेटीत नीट ठेवा, फेकायची गरज नाही. मग बाल्कनीत दारातून दिसेल अशा जागी एकच कुंडी ठेवा, मी चाफा लावेन. लुनुगंगाच्या चाफ्यांच्या फांद्या बावा वजनं बांधून खाली वळवायचे, वर्षानुवर्षं, म्हणून त्यांचे आकार तसे दिसतात. तुम्ही वजनं बांधायला हवीत असं नाही, पण चाफ्याला कडक ऊन आणि थोडं पाणी एवढंच लागतं आणि पानं गळाल्यावरही तो बघण्यासारखा असतो. कुंडी भिंतीलगत ठेवा, कठड्याच्या कडेला नको आणि फार मोठा ड्रम नको, ओल्या मातीचं वजन भलतंच होतं.

आरामखुर्ची. ती राहू दे ताई, कुठेही देऊ नका. फक्त तिचं तोंड टीव्हीकडून बाल्कनीकडे फिरवा आणि तिच्यात तुम्ही बसत जा. यांनी मांडलेलं घर हलवायचं का असं विचारलंत, मला वाटतं त्यांनी घर दोघांना राहण्यासाठी मांडलं होतं, आता तुम्ही एकट्या राहता तर घरालाही थोडं सरकावं लागणार. त्यात त्यांना विसरणं कुठेच येत नाही.

कोलंबोच्या घराचंही बोलते. ते मुळात एका बोळातली चार छोटी घरं आहेत, बावांनी १९५० च्या दशकाच्या शेवटापासून एकेक घेत जोडत नेलेली. लांबलचक पांढरा पॅसेज आणि मध्ये मध्ये आकाशाला उघडे छोटे चौक, उजेड वरून उतरतो. आपल्या वाड्यांचे चौक आठवतील तुम्हाला. फ्लॅटमध्ये उजेड एकाच बाजूने येतो त्यामुळे त्या बाजूला काहीही आडवं ठेवायचं नाही. भिंती साध्या पांढऱ्या, मॅट, चकचकीत नको. संध्याकाळी वरची पांढरी ट्यूब बंद करून दोन दिवे बसल्यावर डोळ्याच्या उंचीला येतील असे लावा, बल्ब घेताना खोक्यावर २७०० केल्विन बघा, तो पिवळसर उजेड. बाल्कनीचं स्लायडिंग काढता आलं तर फार छान पण पावसाची झड आत येत असेल तर राहू द्या, सोसायटीलाही विचारावं लागेल. श्रीलंकेहून बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, आणलं असेल तर ते काचेच्या फ्रेममध्ये घालू नका, तिथल्या बाटिक कलाकार एना डी सिल्व्हांनी बावांच्याच बेंटोटा बीच हॉटेलात बाटिक थेट छताला लावलं होतं, कापड कापडासारखंच वापरलं. काठीवर सोडा, थेट उन्हात नको, रंग उडतो.

आणि सगळं एका महिन्यात करू नका. बावा १९४८ पासून १९९८ मध्ये आजारी पडेपर्यंत त्या बागेत काही ना काही बदलतच होते. शोकेस हलवलीत की दिवाळीपर्यंत काहीच करू नका, नुसतं राहून बघा, तुम्ही कुठे बसता, सकाळी कुठे, दुपारी कुठे, ते कळलं की पुढचं आपोआप सुचतं. रंग आणि दिवे धरून साडेचार लाखातला अगदी थोडा भाग लागेल. उरलेल्यात मुलीला घेऊन पुन्हा कुठेतरी जाऊन या.

प्रश्न : आम्ही दोघं वाकडला राहतो, थ्री बीएचके. क्योटोला रियोकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी उतारूघरात राहिलो आणि आता एका रूममध्ये खऱ्या तातामी, म्हणजे तिथल्या जाड गवती चटया टाकायच्या आहेत. पुण्यात टिकतील का?

उत्तर : टिकतील पण पावसाळ्यात तुमचा जीव काढतील. तातामीचा वरचा थर इगुसा नावाच्या गवताचा, ते दमट हवेत बुरशी धरतं. पावसाळा जपानातही असतो, पण तिथे ही पद्धत सांभाळण्याची सवय आहे, खोली उघडी ठेवून वारा खेळवतात, चटया उचलून वाळवतात. तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसला, घर बंद, जून ते सप्टेंबर, त्यात एक चटई साधारण ९० बाय १८० सेंटीमीटरची, जाड आणि जड. रोज दार-खिडकी उघडून बसणारं कोणी असेल तरच करा. नाहीतर साधी गादी-तक्क्यांची बैठक घाला, जमिनीलगत बसण्याचं सुख तेच आहे.

मला विचाराल तर त्या खोलीतून घेण्यासारखी वस्तू म्हणजे तोकोनोमा. भिंतीतला तो कोनाडा, त्यात एक चित्र, एखादं फूल आणि ऋतूप्रमाणे दोन्ही बदलतात. खोलीत बाकी काहीच नसतं म्हणून ते दिसतं. आपल्याकडे कोनाडे, देवळ्या होत्याच, फ्लॅटमध्ये गेल्या. एक दीड फुटाची फळी पुरे, त्यावर एका वेळी एकच वस्तू आणि ती बदलायची, भाद्रपदात तेरडा, थंडीत शेवंती, चैत्रात आंब्याचा डहाळा. हे दर वेळी दोघांनी मिळून करा, खूप बोलणं होतं त्यातून. आणि दाराशी चपला काढायला बसायचं बाक घरात ठेवा, पॅसेजमध्ये नको, ती आगीच्या वेळची वाट आहे.

प्रश्न : मोरोक्कोला फेझमध्ये झेलिज टाइल्स बघून वेड लागलं. कोल्हापूरच्या घरात बाथरूमला लावू का?

उत्तर : लावा, पण एकाच भिंतीला आणि जिथे थेट पाणी उडत नाही तिथे. झेलिज म्हणजे हाताने कापलेली, ग्लेझ दिलेली मातीची टाइल, प्रत्येक तुकडा थोडा वेगळा, सांधे अगदी बारीक, त्यामुळे लावणारा मिस्त्री हातखंडा असलेला हवा आणि आधी दोन फूट लावून दाखव म्हणा. जमिनीला नको, ग्लेझ घसरतं आणि कडा उडतात. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग पडतात, मग गडद निळ्याऐवजी फिका रंग घ्या. ऑर्डर करताना १५ टक्के जास्तच मागवा, पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही.