वाचकांचे प्रश्न : सोलापूरजवळ एकच मुक्काम, रोज एक दिशा

प्रश्न : दिवाळीनंतर चार दिवसांसाठी आम्ही सहा जण स्वतःच्या गाडीने सोलापूरला येत आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दोन शाळकरी मुले आहेत. शहराच्या अलीकडे, पुणे रस्त्यालगत शेतांमधले एक हॉटेल पसंत पडले आहे. तिथेच राहून रोज एक सहल करावी, की तुळजापूर, विजापूर, पंढरपूर असा मुक्काम हलवत जावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुक्काम हलवू नये. सोलापूरपासून अक्कलकोट सुमारे ४०, तुळजापूर ४५, नळदुर्ग ५०, पंढरपूर ७५ आणि विजापूर, म्हणजे आताचे विजयपूर, १०० किलोमीटरवर आहे. ही सर्व ठिकाणे वेगवेगळ्या दिशांना असली, तरी सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला परत येता येईल इतकी जवळ आहेत. शिवाय वडीलधाऱ्या माणसांना रोज नवी खोली आणि नवे अंथरूण देण्यापेक्षा संध्याकाळी ओळखीच्या जागी पाठ टेकता येणे फार महत्त्वाचे असते. पथ्य एवढेच की, एका दिवशी एकच दिशा धरावी. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर एकाच दिवसात उरकणारे पुष्कळ आहेत. त्यांचे दर्शन होते, पण पाहणे राहून जाते.

तुळजापूर आणि नळदुर्ग ही जोडी मात्र एका फेरीत सहज बसते. देवीचे दर्शन सकाळीच घ्यावे. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळल्यास रांग आटोक्यात राहते. महाद्वारातून गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरून जावे लागते व तेवढ्याच चढून यावे लागते, हे आई-वडिलांना आधी सांगून ठेवावे. तिथून नळदुर्गला पोहोचायला तासाभराहून अधिक वेळ लागू नये. माझ्या मते या संपूर्ण सहलीत मुलांच्या सर्वाधिक लक्षात राहील ती हीच जागा. बोरी नदीवर घातलेल्या दगडी बांधाच्या पोटातच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात पाणीमहाल बांधला गेला. नदीला पुरेसे पाणी असले की, ते बांधावरच्या दोन वाटांनी, म्हणजे नर आणि मादी या धबधब्यांनी, खाली कोसळते आणि आत उभ्या राहिलेल्या माणसाला सज्जातून समोर पाण्याचा पडदा दिसतो, अंग मात्र कोरडे राहते. चारशे वर्षांपूर्वीच्या या बांधकामात धरण आणि महाल एकजीव झालेले आहेत. दिवाळीनंतर धबधबे वाहत असतीलच असे नाही. ते त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असते. म्हणून निघण्यापूर्वी हॉटेलवाल्यांकडे चौकशी करावी. पाणी नसले, तरी महाल पाहण्यासारखा आहेच. उतरताना पायऱ्यांवरील शेवाळ सांभाळावे.

विजापूरसाठी पूर्ण दिवस द्यावा आणि उजाडण्यापूर्वी निघावे. तुमचे हॉटेल पुणे रस्त्यावर असल्यामुळे शहरात न शिरता केगाव-हत्तूर बाह्यवळणाने थेट विजापूर रस्त्याला लागता येईल. लवकर निघण्याचे कारण गोलघुमट हे आहे. मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीवरील घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर असून घुमटाच्या आतील गोलाकार सज्जात एका बाजूला कुजबुजलेले शब्द समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतात; परंतु शाळांच्या सहली येऊन आरडाओरडा सुरू झाला की कुजबूज ऐकण्याची आशा सोडावी लागते. सज्जात जाण्यासाठी कोपऱ्यातील सात मजली मनोऱ्यातून अरुंद, उंच पायऱ्या चढाव्या लागतात. तेवढा वेळ आई-वडिलांनी खाली आवारातील वस्तुसंग्रहालय पाहावे. दुपारी मुलुख-ए-मैदान तोफ आणि इब्राहिम रोजा पाहावा. रोजात ज्याची कबर आहे, तो इब्राहिम आदिलशहा म्हणजे नळदुर्गचा पाणीमहाल ज्याच्या काळात उभा राहिला तोच. म्हणून मी नळदुर्ग आधी आणि विजापूर नंतर असा क्रम सुचवतो.

पंढरपूरबाबत तारीख आधी तपासावी. कार्तिकी एकादशी दिवाळीच्या पाडव्यानंतर दहा-अकरा दिवसांनीच येते, आणि त्या सुमारास वृद्धांना घेऊन तिथे जाणे योग्य नाही. इतर वेळी मंगळवेढामार्गे जावे, म्हणजे वाटेत माचणूर लागते. तिथे भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे मंदिर असून १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी याच परिसरात होती. परत येताना मोहोळचा रस्ता धरावा.

उरलेल्या दिवशी बहुतेक जण अक्कलकोटला जातात. स्वामी समर्थांवर आपली श्रद्धा असेल, तर जरूर जावे, फक्त गुरुवारची गर्दी ध्यानात घ्यावी. अन्यथा मी आग्रहाने हत्तरसंग कुडल सुचवीन. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील या प्राचीन मंदिरांपैकी एकाच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. उत्खननात सापडलेले, साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले शिवलिंगही येथेच आहे. त्याच्याजवळ बसून मुलांना ती मुखे मोजू द्यावीत. कुडलच्या बाजूला खाण्याची सोय गृहीत धरू नये. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही बरोबर घ्यावे. दुपारी परतल्यावर संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी जावे.

प्रश्न : आमच्याकडे गाडी नाही. अशा शेतातल्या हॉटेलात राहून एस.टी.ने या सहली जमतील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जमवण्याचा प्रयत्न करू नये. रोज हॉटेलपासून स्थानकापर्यंत येण्या-जाण्यातच वेळ आणि पैसा जाईल. तुम्ही सोलापूर शहरात, बसस्थानकाच्या जवळपास उतरावे. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर येथे जाण्यासाठी दिवसभर एस.टी. मिळते आणि विजापूरला कर्नाटकच्या बसनेही जाता येते. कुडलसाठी मात्र एक दिवस भाड्याची गाडी ठरवावी, आणि भाडे ठरवतानाच परतीची वेळ व तिथे थांबण्याचे तास बोलून घ्यावेत.