डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाणारा आजार) झालेल्या आईसाठी नाशिकमध्ये घरी प्रशिक्षित बाई ठेवावी, की तिला संस्थेत पाठवावं?

तुम्ही लिहिलंय की आई ७४ वर्षांची आहे, गंगापूर रोडला वडिलांबरोबर राहते आणि तुम्ही पुण्यात असता. घरी शुश्रूषेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेल्या तीन बायका एकामागून एक सोडून गेल्या. आई आंघोळीला अंगाला हात लावू देत नाही आणि दिवेलागणीला 'मला घरी सोडा' म्हणत दाराशी जाते.

मी नर्स आहे. नाशिकमध्ये घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करते आणि अशा घरांत काम करणाऱ्या मुलींना शिकवतेही. माझं मत सांगते: सध्या घरीच ठेवा, बाई ठेवा, आणि सगळा जोर एकच बाई टिकवण्यावर लावा. आईला तिचं नाव लक्षात राहणार नाही, पण रोजचा आवाज आणि रोजचे हात ओळखीचे होतात. दर महिन्याला नवी बाई म्हणजे रोज सकाळी कुणीतरी परकी येऊन साडी सोडायला लावते. कोणीही ओरडेल.

आंघोळीचं जरा सविस्तर सांगते, कारण निम्म्या बायका तिथेच काम सोडतात. पंचवटीतल्या एका आजी हात लावला की ओरबाडायच्या. त्यांच्याकडे सुरगाण्याची एक मुलगी लागली. तिने 'आंघोळीला चला' म्हणणंच सोडून दिलं. सकाळी ती विचारायची, "आजी, गंगेवर जायचं ना?" (नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात.) त्याआधी बाथरूमची खिडकी बंद, गरम पाण्याची बादली भरलेली, स्टुलावर टॉवेल अंथरलेला. आजींच्या अंगावर जुनी सुती साडी तशीच असायची आणि तांब्या आजींच्याच हातात. पहिलं पाणी पायांवर, मग गुडघ्यांवर. डोक्यावर नाहीच, केस धुवायचा दिवस वेगळा. आजी 'हर गंगे' म्हणत स्वतःच खांद्यावर पाणी घ्यायच्या, तोवर ही मागून पाठ चोळून घ्यायची. डोक्यावर एकदम पाणी पडलं की या माणसांना काय होतंय तेच कळत नाही, थंडी वाजते, उघडं पडल्याची लाज वाटते, आणि ते सगळं मारण्या-ओरबाडण्यातून बाहेर येतं. तुमच्या आईसाठी गंगेऐवजी दुसरं काही चालेल. ते काय, हे तुम्हाला आणि वडिलांनाच माहीत असणार, म्हणून ते बाईला तुम्हीच सांगायला हवं. आईचं माहेर कुठलं, तिला घरात काय म्हणायचे, ती काय काम करायची, कशाला घाबरते, चहा कसा लागतो, हे सगळं एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी बाईच्या हातात द्या.

'घरी सोडा' याला 'हेच तुमचं घर आहे' असं उत्तर दिलं की भांडण वाढतं. आईच्या मनातलं घर बहुतेक माहेरचं असतं. "घरी कोण कोण आहे?" असं विचारावं, बोलतं करावं, सोबत खाली एक फेरी मारून यावं. अंधार पडायच्या आधी सगळे दिवे लावा. भूक लागली आहे का, लघवीला जायचंय का, हेही बघायचं, कारण ते सांगता येत नाही म्हणूनही जीव कासावीस होतो.

आया आणि प्रशिक्षित बाई यांत फरक काय, असंही तुम्ही विचारलंय. डायपर बदलणं, भरवणं दोघींना येतं. शिकलेली बाई बदल टिपते. डिमेन्शिया साधारणपणे महिन्या-महिन्यांनी वाढतो. आई एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागली, झोपूनच राहिली किंवा ओळख अगदीच पुसली गेली, तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं, नवीन गोळी, पडून डोक्याला लागलेला मार, बहुतेकदा यांपैकी किंवा असंच काहीतरी असतं आणि त्यावर उपचार होतात. घास गिळताना ठसका, जेवणानंतर घरघरणारा आवाज, हेही तिने त्याच दिवशी सांगितलं पाहिजे, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो.

जनरल ड्युटी असिस्टंटचा (रुग्णाची रोजची काळजी घेण्याचा) कोर्स केलेली मुलगी या कामाला पुरते. इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी) किंवा भरवायची नळी लागली तर नोंदणी असलेली नर्सच बोलवा, नोंदणी क्रमांक विचारा. आणि एक गोष्ट अगदी कडक पाळा: बाई किंवा ब्युरो यांच्या सांगण्यावरून झोपेची किंवा 'शांत ठेवायची' गोळी द्यायची नाही. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारावरच्या काही शांत करणाऱ्या औषधांनी (अँटिसायकोटिक) मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधी ती द्यावी लागतातही, पण ते डॉक्टर ठरवतील, आणि कमीत कमी दिवसांसाठी.

निवडताना सर्टिफिकेट, आधार, पोलीस व्हेरिफिकेशन बघालच. मी आणखी एक प्रश्न विचारते: "आजी म्हणाल्या, तू माझ्या बांगड्या चोरल्यास, तर काय करशील?" 'मी असलं ऐकून घेणार नाही' म्हणणारी टिकत नाही. 'चला, दोघी मिळून शोधू' म्हणणारीला लगेच ठेवून घ्या. चोरीचा आळ या आजारात नेहमीचाच आहे. म्हणून ती यायच्या आधी दागिने बँकेच्या लॉकरमध्ये टाका, त्यात तिचंही रक्षण आहे.

चोवीस तासांची एकच बाई हा प्रकार मला पटत नाही. आई रात्री तीनदा उठत असेल तर ती बाई झोपणार कधी? आठवड्याभरात ती चिडचिडी होते आणि त्याचा त्रास आईला होतो. दिवसाला एक, रात्रीला एक. रात्रीची परवडत नसेल तर निदान आठवड्यातल्या काही रात्री तरी ठेवा. ब्युरोला स्पष्ट विचारा की तुम्ही देता त्यातले तिच्या हातात किती पडतात. आपल्याकडे बऱ्याच मुली पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या असतात. भातलावणीला आणि सणाला त्या गावी जाणारच. त्या सुट्ट्या आधीच ठरवा आणि बदलीवर येणारीही दर वेळी एकच ठेवा. ती दोन दिवस पहिलीबरोबर घरात राहून आईची ओळख करून घेऊ दे. जेवण घरातलंच द्या, तिला नावाने हाक मारा. या गोष्टींवर बायका टिकतात, हे मी घरोघरी बघितलंय.

आई दाराशी जाते, म्हणून गळ्यात किंवा मनगटावर नाव आणि तुमचा फोन नंबर असलेली पट्टी आत्ताच घाला, आणि वॉचमन, दूधवाला, खालचा किराणावाला यांना सांगून ठेवा. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्या गर्दीत चुकलेल्या आजीला शोधणं किती अवघड जाईल, याचा विचार करून ही सवय आधीच लावलेली बरी.

संस्थेचा विचार कधी करावा? आईला उचलायला दोन माणसं लागू लागली, रात्री सांभाळणं कुणालाच जमेना, किंवा वडिलांची तब्येत ढासळायला लागली, की करावा, आणि तेव्हा अपराधी वाटून घेऊ नये. वडिलांचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण सध्या आईचं सगळं तेच बघत असणार. त्यांचं बीपी-शुगर या आठवड्यात तपासून घ्या, आणि बाई आली की त्यांना रोज दोन तास घराबाहेर पाठवा. माहितीसाठी ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. बाई लागल्यावर पहिल्या आठवड्यात शक्य असेल तर रजा काढून नाशिकला या. आईची ओळख करून देणारं माणूस घरात असलं की नवीन बाईचं काम निम्मं होतं.