ठाण्यात राहून, नोकरी सांभाळून आशियाई अभ्यासात पीएचडी जमेल का?
जमेल, पण आधी देश ठरवा. ‘आशिया’ हा विषय होत नाही. जपान, चीन, इंडोनेशिया असं काहीतरी नेमकं हवं. आणि त्या देशाची भाषा. माझ्या मते अर्धी पीएचडी तिथेच अडते. जपानी घेतलीत तर त्या भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरात असते. निदान एन३, म्हणजे तिची मधली पातळी, झाल्याशिवाय मूळ कागदपत्रांना हात लावू नका, नाहीतर सगळा प्रबंध इंग्रजी अनुवादांवर उभा राहतो.

एमएला ५५ टक्के हवेत. यूजीसी-नेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची पात्रता परीक्षा, द्याच: २०२४ पासून त्याच गुणांवर पीएचडी प्रवेशही होतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पण मग नोकरी सोडावी लागेल. नोकरी ठेवायची तर अर्धवेळ पीएचडीची सोय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आहे. ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं. किमान तीन वर्षं धरा, खरं तर पाच.

पूर्व आशियासाठी जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहेत. संदर्भांसाठी मात्र सीएसएमटीची लोकल पकडा आणि फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन बसा. स्लो लोकलला खिडकी मिळाली तर कांजी या जपानी चित्रलिपीचे तक्तेही पाठ होतात!