झोपेतून उठलेला संगणक दुसरा मॉनिटर का विसरतो?

प्रश्न : लातूर येथे माझा डीटीपीचा व्यवसाय असून लग्नपत्रिका आणि शिकवणी वर्गांच्या प्रश्नपत्रिका यांचे काम वर्षभर चालते. विंडोज ११ असलेल्या माझ्या संगणकाला दोन मॉनिटर आहेत. मोठा २७ इंची डिस्प्लेपोर्टने आणि जुना २२ इंची एचडीएमआयने जोडला आहे. दुपारी मी जेवायला घरी गेलो की संगणक स्लीपमध्ये जातो. परत येऊन माऊस हलवला की मोठ्या मॉनिटरवर नीट मांडून ठेवलेल्या सगळ्या विंडो लहान मॉनिटरवर एकावर एक येऊन पडलेल्या दिसतात. आठवड्यातून एखाद्या वेळी तर मोठा मॉनिटर ‘नो सिग्नल’ असे दाखवून काळाच राहतो. दुरुस्तीवाल्यांनी फॉरमॅट करण्याचा, आणि तेवढ्याने न भागल्यास ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा सल्ला दिला आहे. काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : फॉरमॅट करू नये. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशातला तो प्रकार होईल, आणि आपल्या व्यवसायात त्याची किंमत म्हणजे सगळे मराठी फॉन्ट आणि की-बोर्डच्या मांडण्या पुन्हा बसवण्यात गेलेले दोन दिवस.

आपण जिला एक तक्रार समजता आहात त्या वस्तुतः दोन आहेत, आणि त्यांची कारणे वेगळी आहेत. आधी विंडो गोळा होण्याचे पाहू. डिस्प्लेपोर्टच्या जोडणीत २० पिना असतात. त्यांपैकी १८ व्या पिनेवरून मॉनिटर संगणकाला ‘मी जोडलेला आहे’ एवढेच सांगत असतो. या संकेताला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. हा संकेत दोन मिलिसेकंदांपेक्षा अधिक काळ तुटला, तर केबल काढली गेली असे संगणकाने समजावे, असा नियम आहे. पुष्कळ मॉनिटर वीज वाचवण्यासाठी गाढ झोपेत जातात तेव्हा हा संकेतही सोडून देतात. मग विंडोज त्याच्या दृष्टीने योग्य तेच करते: जो मॉनिटर अस्तित्वातच नाही त्याच्यावर विंडो ठेवून चालणार नाही, म्हणून त्या उरलेल्या मॉनिटरवर आणून ठेवते. एचडीएमआयमध्येही असा संकेत आहे, परंतु अनेक एचडीएमआय मॉनिटरांत तो संगणकाकडूनच येणाऱ्या पाच व्होल्टवर टिकून राहतो, आणि त्यामुळे मॉनिटर निजला तरी त्याची हजेरी लागलेली असते. आपला जुना २२ इंची मॉनिटर इमानी आणि नवा मोठा बेभरवशाचा वाटतो तो यामुळे. मोठ्या मॉनिटरमध्ये बिघाड आहे असे यावरून ठरत नाही.

याची खात्री करून घेण्याचा सोपा उपाय आहे. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीपची वेळ ‘नेव्हर’ करावी आणि केवळ पडदा बंद होण्याची वेळ दोन मिनिटांवर आणावी. संगणक जागा असतानाही, पडदे बंद होऊन पुन्हा लागल्यावर विंडो लहान मॉनिटरवर जमा झालेल्या आढळल्या, तर दोष स्लीपचा नाही आणि ग्राफिक्स कार्डाचाही नाही. मॉनिटर संकेत सोडतो आहे, हे सिद्ध झाले.

त्यानंतर मोठ्या मॉनिटरच्या कडेची बटणे दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. तेथे ‘डीप स्लीप’, ‘ऑटो पॉवर ऑफ’, ‘इको’ किंवा अशाच काही नावाची सोय असते. ती बंद करावी. कंपनीगणिक नावे बदलतात, त्यामुळे मेनूतील प्रत्येक पान वाचण्यावाचून गत्यंतर नाही. बहुतेकांचे काम येथेच संपते, आणि तरीही दुरुस्तीला आलेला माणूस मॉनिटरच्या बटणांना क्वचितच हात लावतो, असा माझा अनुभव आहे. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’, ‘डिस्प्ले’ आणि त्याखालील ‘मल्टिपल डिस्प्लेज’ येथे जाऊन ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ या ओळीसमोर खूण आहे ना, हे पाहावे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये ही सोय आहे. मॉनिटर परतला की विंडो आपापल्या जागी जातात. केबल मात्र नेहमी त्याच पोर्टमध्ये असू द्यावी, कारण पोर्ट बदलला की विंडोजच्या लेखी ती नवी मांडणी ठरते आणि जुनी आठवण उपयोगी पडत नाही.

मॉनिटरच्या मेनूत अशी सोयच नसेल, तर मोठा मॉनिटरही एचडीएमआयने जोडून पाहावा. साध्या फुल एचडी मॉनिटरला त्याने काही फरक पडत नाही. तो फोर-के असेल आणि संगणकाचा पोर्ट जुन्या १.४ आवृत्तीचा असेल, तर मात्र सेकंदाला ३० चित्रांवर समाधान मानावे लागेल, आणि एवढ्यावर माऊसही जड वाटतो. साठ चित्रांसाठी २.० आवृत्ती लागते.

आता ‘नो सिग्नल’विषयी. संगणक जागा झाला की तो आणि डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर पुन्हा एकमेकांशी वाटाघाट करतात: किती मार्गिका वापरायच्या आणि प्रत्येकीवरून किती वेगाने माहिती पाठवायची, हे त्या क्षणी ठरते. केबल हलक्या प्रतीची किंवा फार लांब असेल तर ही बोलणी कधी जमतात, कधी फिसकटतात, आणि म्हणून दोष रोज न दिसता आठवड्यातून एकदा दिसतो. शिवाय काही स्वस्त केबलींमध्ये विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती विजेची पिन आहे आणि प्रमाण केबलीत ती जोडलेली नसावी, असा नियम आहे. जोडलेली असल्यास मॉनिटरची वीज उलट संगणकात शिरते आणि संगणक सुरू होताना किंवा जागा होताना चित्रविचित्र प्रकार घडतात. दोन मीटरपेक्षा लांब नसलेली, प्रमाणित केबल घेऊन पाहावी. ग्राफिक्स कार्डाच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे. मॉनिटरच्या मेनूत ‘इनपुट सोर्स’ हे ‘ऑटो’वर असेल तर ते ‘डिस्प्लेपोर्ट’वर पक्के करावे, कारण ऑटोवर असलेला मॉनिटर एकेक पोर्ट चाचपत बसतो आणि संकेत येण्याआधीच कंटाळून पुन्हा झोपतो.

ग्राहक समोर बसलेला असताना पडदा काळा राहिला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. तरीही पत्रिका सेव्ह करून ठेवण्याची सवय असलेली बरी. लहान मॉनिटरवर अडकलेली विंडो पलीकडे न्यायची असल्यास विंडोज आणि शिफ्ट दाबून ठेवून बाणाचे बटण दाबावे.

प्रश्न : परभणीजवळच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेबनीस आहे. मॉनिटरमधील डीप स्लीप मी बंद केले, केबलही बदलली. दिवसा काही त्रास नाही. परंतु रात्री संगणक स्लीपमध्ये ठेवून गेल्यास काही दिवशी सकाळी दुसरा मॉनिटर काळा दिसतो आणि सर्व विंडो पहिल्यावर येतात. हे काही दिवशीच का व्हावे?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात न लिहिलेली एक गोष्ट मी गृहीत धरतो: संगणक आणि पहिला मॉनिटर यूपीएसवर असावेत आणि नंतर घेतलेला दुसरा मॉनिटर भिंतीतल्या सॉकेटवर. रात्री लाईट गेली की संगणकाची झोप यूपीएसच्या बळावर टिकते, पण दुसऱ्या मॉनिटरची वीज पूर्ण तुटते. काही मॉनिटर वीज परतल्यावर आपोआप तयार राहत नाहीत. त्यांचे बटण दाबावे लागते. जे तयार राहतात त्यांनाही जागे व्हायला काही सेकंद लागतात, आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असलेला संगणक त्याआधीच डोळे उघडून हजेरी घेऊन मोकळा होतो. म्हणून ज्या रात्री लाईट गेली त्याच सकाळी हा प्रकार दिसतो. दोन-तीन आठवडे लाईट गेल्याची नोंद ठेवून ताडून पाहावे.

दुसरा मॉनिटरही यूपीएसवर घ्यावा. २२ ते २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते ३० वॅट वीज घेतो, आणि ६०० व्हीएच्या, म्हणजे बहुधा ३६० वॅटच्या, यूपीएसला कार्यालयीन संगणकासोबत तेवढा भार झेपतो. लेझर प्रिंटर मात्र चुकूनही त्यावर लावू नये; छपाईच्या क्षणी तो यूपीएसला लोळवतो. आणि आपल्याकडे रात्रीची वीज तासन्‌तास जात असेल तर यूपीएसची बॅटरी संपून झोपलेला संगणकच बंद पडेल व सेव्ह न केलेले जाईल. अशा ठिकाणी रात्री स्लीपऐवजी हायबरनेट वापरावे. त्यात चालू काम डिस्कवर लिहिले जाते, संगणकाला विजेची गरजच उरत नाही, आणि सकाळी आधी दोन्ही मॉनिटरांची बटणे लावून मगच संगणक सुरू करता येतो.

प्रश्न : एवढ्या भानगडीपेक्षा संगणक झोपूच दिला नाही तर?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : चालेल, पण त्याने वरचा पहिला दोष जात नाही, कारण पडदा बंद झाला की डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर संकेत सोडू शकतोच. विजेचे म्हणाल, तर साधा डेस्कटॉप काही काम नसताना सुमारे ५० वॅट घेतो असे धरल्यास आठ तासांत ०.४ युनिट होते. जेवणाच्या तासाभरासाठी जागा ठेवावा, रात्रभर नको.