इंग्लंडमध्ये दहनाऐवजी झाडाखाली दफन करता येतं का? कौन्सिलचे नियम काय आहेत?

तुम्ही लिहिलंय की आई तुमच्यापाशी लेस्टरला राहतात, वय झालंय, त्यांना दहन नको, एखाद्या झाडाखाली मातीत जायचंय. इकडे तसं चालतं का, कौन्सिल (म्हणजे इथली स्थानिक पालिका) अडवतं का, आणि नाहीच जमलं तर घरामागच्या बागेत चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

चालतं. माझे वडील 2019 च्या नोव्हेंबरपासून उत्तर इंग्लंडमधल्या अशाच एका राईत आहेत. आम्ही सोलापूरकडचे लिंगायत, त्यामुळे माती देणं आमच्यात रीतीचंच. अडचण जागेची होती. जवळच्या दफनभूमीत मी बाबांना एकदा नेलं होतं. काळ्या ग्रॅनाइटच्या रांगा बघून ते म्हणाले, "इथं माणूस कुठंय? नुसते दगड." तेव्हापासून शोध सुरू झाला.

या प्रकाराला इकडे वुडलँड बरिअल किंवा नॅचरल बरिअल म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याची सुरुवात 1993 मध्ये कार्लाइलच्या दफनभूमीत झाली. तिथले व्यवस्थापक केन वेस्ट यांनी ती कौन्सिलच्याच जागेत केली: दगडाऐवजी ओकचं रोप, शोभेच्या हिरवळीऐवजी वाढू दिलेलं रान. आज देशभरात अशा अडीचशेहून जास्त जागा आहेत. काही कौन्सिलच्या, काही शेतकऱ्यांनी आपल्या रानात काढलेल्या, काही धर्मादाय संस्थांच्या. तेव्हा तुमच्या आईंची इच्छा इथल्या लोकांना मुळीच विचित्र वाटणार नाही.

कायद्याची भीती आपल्याला फार असते, म्हणून ते आधी सांगते. मी इंग्लंड आणि वेल्सबद्दलच बोलतेय. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. इथे शवपेटी सक्तीची नाही, सुती कापडात गुंडाळून माती देता येते. देह टिकावा म्हणून रसायन टोचण्याची, म्हणजे एम्बामिंगची, सक्ती नाही. सहा फूट खोल खणलंच पाहिजे असा कायदाही नाही. मृत्यूची नोंद केली की रजिस्ट्रार एक कागद देतो, त्याला सगळे 'ग्रीन फॉर्म' म्हणतात. तो दफनभूमीला द्यायचा. दफन झाल्यावर त्याचा खालचा तुकडा 96 तासांच्या आत रजिस्ट्रारकडे परत गेला पाहिजे. हे काम बहुधा जागेची माणसंच करतात.

कौन्सिलच्या दफनभूम्यांना 1977 चा एक आदेश लागू आहे. त्यानुसार पेटीवर निदान तीन फूट माती हवी. जमीन योग्य असेल तर दोन फूट चालते. दफनाचा हक्क एका वेळी जास्तीत जास्त शंभर वर्षांसाठीच देता येतो. म्हणजे तुम्ही जमीन विकत घेत नाही, मुदतीचा हक्क घेता. आपल्याकडच्या लोकांना हे हमखास उशिरा कळतं. शिवाय माणूस त्या कौन्सिलच्या हद्दीत राहणारा नसेल तर बऱ्याच ठिकाणी दुप्पट-तिप्पट पैसे लागतात. आई तुमच्याकडे राहतात याचा कागदोपत्री पुरावा आत्ताच तयार ठेवा.

खाजगी जागांना हा 1977 चा आदेश लागू नाही. त्यांना दफनभूमीसाठी नियोजन खात्याची परवानगी लागते आणि भूजलाचे नियम पाळावे लागतात: पिण्याच्या पाण्याची विहीर, बोअर किंवा झरा 250 मीटरच्या आत नको, इतर झरे-ओढे 30 मीटरच्या आत नकोत, शेतातला पाण्याचा चर 10 मीटरच्या आत नको, खड्डा खणल्यावर तळाशी पाणी साठलेलं नको, आणि तळ व भूजल यांच्यात निदान मीटरभर कोरडी माती हवी. एवढं सोडलं तर बाकी सगळं त्या जागेची नियमावली ठरवते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, कौन्सिलच्या वेबसाइटवर दिवस घालवू नका. ज्या दोन-तीन जागा मनात येतील त्यांची नियमावली मागवा आणि आईंच्या शेजारी बसून ओळीनं वाचा.

आम्ही ती वाचली, पण वरवर. बाबा गेले त्या दिवशी फ्युनरल डायरेक्टरकडच्या, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांकडच्या, माणसानं भराभर फॉर्म भरून घेतला आणि त्यात एम्बामिंगच्या चौकटीत खूण झालेली होती. आमच्या राईत एम्बामिंग केलेला देह घेतच नाहीत. योगायोगानं भावाला ते संध्याकाळी दिसलं, त्यानं लगेच फोन केला, म्हणून वाचलं. ती एक चौकट आमचा सगळा बेत मोडू शकली असती. एम्बामिंग नको हे तुम्ही तोंडी सांगा, लेखीही द्या.

मग कपडे. धोतर सुती होतं, प्रश्न नव्हता. आईनं लग्नातला जरीचा पटका काढला. हल्लीच्या जरीत प्लॅस्टिकचा अंश असतो, म्हणून हा पटका जुना असूनही तिथल्या बाईंनी काठ तपासायला मागितला. आमची खात्री पटेना, तेव्हा आईनंच कात्री घेतली, काठ उसवला आणि नुसतं कापड दिलं. काठ आजही तिच्या कपाटात आहे. हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले होते, ते आदल्या रात्री सोडवून सुती दोऱ्यात पुन्हा ओवले. विभूती चालली, बेलाची पानं चालली. गळ्यातलं इष्टलिंग दगडाचं, तेही चाललं. त्याची चांदीची डबी मात्र घरी आली. विधीपुरता दिवा लावू दिला, पण मागे काही ठेवायचं नाही, पणती नाही, फोटो नाही, प्लॅस्टिकची फुलं नाहीत. गावाकडून येणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवा. त्या दिवशी सांगताना फार जड जातं.

तुम्हीही आमच्यासारखे लिंगायत असाल तर आणखी एक गोष्ट. आमच्याकडे देह बसवून माती देतात. इथे मृत्यू आणि दफन यांच्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात, देह शीतगृहात असतो, आणि तोवर बसवणं अवघड होऊन बसतं. बसवायचं तर खड्डाही खोल लागतो आणि खाली भूजलाचा नियम आडवा येतो. आमच्या ओळखीच्या स्वामींना सोलापूरला फोन केला. ते म्हणाले, आडवं ठेवा, लिंग तळहातावर ठेवा, मंत्र मी इथून म्हणतो. आम्ही तसंच केलं. आईला त्याची खंत होती. ती अजूनही पुरती गेलेली नाही, आणि मी तिची समजूत काढायला जात नाही.

पण खरी चूक आमच्याकडून पुढेच झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. आम्ही एकच जागा घेतली. आई तेव्हा धडधाकट होती, तिच्यासमोर तिच्या जागेचं कसं बोलायचं? सहा महिन्यांनी तिनं स्वतःच विचारलं. तोवर बाबांच्या दोन्ही बाजूंना माणसं आली होती. आता तिची जागा चार झाडं सोडून आहे. आधी केलेलं दफन हलवायचं तर सरकारचा परवाना लागतो, आणि त्या वाटेला जायची आमच्यात कुणाचीच इच्छा नव्हती. तुमचे वडील असतील, किंवा तुम्हालाच आईंजवळ जागा हवी असेल, तर जोडजागा पहिल्याच दिवशी मागा.

झाडाचंही नीट समजून घ्या. बाबांना बेल हवा होता. नियमावलीत फक्त इथली मूळची झाडं होती: ओक, बर्च, हेझल, रोवन. आम्ही रोवन निवडलं, कारण त्याला शरदात लालबुंद फळं येतात आणि पक्षी जमतात. रोपं हिवाळ्यातच लावतात, आणि माती खाली बसायला अवधी द्यावा लागतो, म्हणून काही जागा पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबायला लावतात. आमचं जानेवारीत लागलं. पुढे 2020 चा लॉकडाउन आला. त्या वर्षीचा मे इंग्लंडमध्ये कमालीचा कोरडा गेला, आणि जाऊन पाणी घालायची सोय नव्हती. रोप वाळलं. मी फोनवर रडले. आपण आणून दुसरं लावायचं नसतं, तेही नियमात आहे; त्यांनी पुढच्या हिवाळ्यात लावून दिलं. झाड तुमच्या नावावर नसतं, ते राईचं असतं. पुढे दाटी झाली तर विरळणीत तोडलंही जाऊ शकतं. काही जागा तर थडग्यागणिक झाड लावतच नाहीत, गवताळ रान राखतात आणि जागा नकाशावर टिपून ठेवतात. "आईंचं झाड" असं मनात धरलं असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

बागेतही दफन करता येतं, मनाई नाही. जमीन मालकीची हवी, कर्ज असेल तर बँकेला विचारायला हवं, खरेदीखतात आडकाठी नसावी, वर सांगितलेली पाण्याची अंतरं पाळावीत, आणि दफनाची नोंद करून नकाशा घराच्या कागदपत्रांत कायम ठेवावा. एक-दोन दफनांना सहसा नियोजनाची परवानगी लागत नाही. तरी मी तुम्हाला हे सुचवणार नाही. लेस्टरसारख्या शहरातली बाग ती केवढी, आणि उद्या घर विकलं तर आईंना भेटायला परक्याच्या दारावर टकटक करावी लागेल.

गावी आमच्या आजोबांना शेतातच माती दिली, बांधाजवळ समाधी आहे, कुणी कागद विचारला नाही. पण तिकडेही आपली जमीन म्हणून सगळीकडे चालेल असं समजू नका. छत्तीसगडमध्ये एका ख्रिस्ती कुटुंबाला वडिलांना स्वतःच्या शेतात पुरायचं होतं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही, आणि शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या नेमून दिलेल्या दफनभूमीत नेण्याचा आदेश झाला. तिथल्या पंचायत नियमांप्रमाणे दफन नेमलेल्या जागीच करायचं असतं.

आईंना जागा दाखवायला न्याल तेव्हा फेब्रुवारीत न्या. मे महिन्यात निळी ब्लूबेल फुललेली असतात, कुठलीही राई आवडते. फेब्रुवारीत वाट चिखलाची असते, फांद्या उघड्या असतात, गाडी लांब लावावी लागते. व्हीलचेअर किती आत जाते ते तेव्हाच कळतं. आमची आई आता काठी घेऊन फाटकापासून रोवनपर्यंत जाते, मध्ये एका ओंडक्यावर बसते. तिथे बाक ठेवू देत नाहीत, पण तो पडलेला ओंडका तिच्यासाठी तसाच ठेवा अशी मी विनंती केली होती, आणि त्यांनी तो ठेवलाय.