आयुष्यभराची क्लाउड जागा आणि सही नसलेले मृत्युपत्र

सातारा जिल्ह्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय 58 असून ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. घरातील फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांचे स्कॅन मिळून 170 जीबी झाले आहेत. एका कंपनीचा प्रतिनिधी त्यांना एकदाच 45,000 रुपये भरून 'आयुष्यभरासाठी' 2 टीबी (सुमारे 2,000 जीबी) क्लाउड जागा, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची कंपनीच्या संगणकांवरील साठवण, घेण्याचा आग्रह करून गेला आहे, आणि महिनाअखेरीस किंमत वाढणार असल्याचेही सांगून गेला आहे. दरवर्षी भाडे भरण्यापेक्षा ही गुंतवणूक बरी नव्हे का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी ते सहज लिहितात की, सगळे कागद क्लाउडवर गेल्यामुळे विमा पॉलिसी आणि ठेवपावत्यांच्या मूळ प्रती रद्दीत दिल्या, आता खरेदीखतही काढून टाकायचे आहे. सदनिका पत्नीला मिळावी असे मृत्युपत्रही टाइप करून तेथेच ठेवले आहे. पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक आहे. घरात पत्नी, दोन मुलगे आणि 82 वर्षांच्या आई आहेत.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे: हे पैसे देऊ नका. 2 टीबीचे वर्षाचे भाडे साडेसहा हजारांच्या आसपास असते, म्हणून सात वर्षांत रक्कम वसूल होते, हा प्रतिनिधीचा हिशेब आहे. पण आपली गरज 200 जीबीची आहे आणि तिचे भाडे वर्षाला साधारण 2,100 रुपये पडते. तेच 45,000 साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवल्यास वर्षाला 2,900 व्याज येईल. भाडे त्यातून भागेल आणि मुद्दल आपल्याजवळच राहील. शिवाय 'आयुष्यभर' म्हणजे त्या कंपनीच्या आयुष्यभर. गूगलसारख्या कंपनीनेसुद्धा फोटोंची मोफत अमर्याद साठवण 1 जून 2021 पासून बंद केली. जिची बाजारातली उमर ठाऊक नाही, अशा कंपनीला वीस वर्षांचे भाडे आगाऊ देणे ही गुंतवणूक नाही, आणि महिनाअखेरीची भीती घालून गळ्यात मारलेल्या वस्तूंविषयी माझा अनुभव कधीच चांगला नाही.

आता आपण न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण मला खरी काळजी तिची वाटते. आपण ज्याला मृत्युपत्र म्हणता, ते कायद्याच्या दृष्टीने मृत्युपत्र नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे त्यावर आपली सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. आणि डिजिटल दस्तऐवजांना मान्यता देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधून मृत्युपत्र स्पष्टपणे वगळलेले आहे. आपल्याला हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 लागू होतो आणि सदनिका स्वकष्टार्जित आहे असे धरल्यास, मृत्युपत्राअभावी पत्नी, दोन्ही मुलगे आणि आई यांना समान वाटा मिळेल. सदनिका 60 लाखांची असेल, तर पूर्ण घर मिळेल अशी आपली खात्री असलेल्या पत्नीच्या नावावर 15 लाखांचा हिस्सा येईल, आणि पुढचे सगळे इतरांच्या समजूतदारपणावर राहील.

क्लाउड सामान्य माणसाच्या उपयोगाचा नाही, असे मी म्हणत नाही. 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे ज्यांची कपाटे पाण्याखाली गेली, त्यांना दूर कोठेतरी ठेवलेल्या प्रतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र ती प्रतच असते. डिजिलॉकर या सरकारी ऑनलाइन कागदपत्र-सेवेमध्ये संबंधित खात्याकडून किंवा संस्थेकडून थेट आलेले दस्तऐवज मूळ कागदांच्या बरोबरीचे मानले जातात. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या चित्राला तो दर्जा नसतो. उद्या घर विकताना किंवा तारण ठेवताना मूळ खरेदीखत मागितले जाईल आणि ते नसल्यास पोलिसांकडे नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत, एवढी पायपीट करावी लागेल. त्यातच गूगलने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण 2023 मध्ये जाहीर केले आहे; आपल्या पश्चात ज्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, असे खाते किती काळ वापरात राहील, याचा विचार करा.

म्हणून खरेदीखत कपाटातच राहू द्या. विमा कंपनीकडे पॉलिसीच्या दुय्यम प्रतीसाठी आणि बँकेकडे ठेवपावत्यांसाठी याच आठवड्यात अर्ज करा, आणि दोन्हीकडे नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे ते त्याच फेरीत पाहून घ्या. मृत्युपत्र छापून घ्या आणि दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही करा. त्यांपैकी एक आपले नेहमीचे डॉक्टर असावेत आणि दुसरी व्यक्ती मालमत्तेत वाटा नसलेली असावी. नोंदणी सक्तीची नाही, तरी आपण ती करून घ्यावी. वकिलाची फी धरूनही हा खर्च 45,000 पेक्षा बराच कमी येईल. आपली साठवण गूगलवर असेल, तर त्या खात्याच्या सेटिंगमध्ये, खाते ठरावीक महिने वापरले न गेल्यास विश्वासातील व्यक्तीला माहिती मिळण्याची सोय आहे. तेथे पत्नीचे नाव द्या. पासवर्ड कागदावर लिहून मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवा आणि ते पाकीट कोठे आहे, हे त्यांना आजच दाखवा.